चौदा खेळ्यांत मात झाली, म्हणून ओपनिंग बदलायचे का?

विट्याहून एका वडिलांनी स्कोअरशीटचा, म्हणजे डावाच्या खेळ्या लिहिलेल्या कागदाचा, फोटो पाठवला आहे. त्यांची बारा वर्षांची मुलगी मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीत एका स्पर्धेत खेळली. पहिल्या दोन फेऱ्या जिंकली. तिसऱ्या फेरीत काळी मोहरी आली, समोर तिच्याहून लहान, रेटिंग नसलेला मुलगा बसला आणि चौदाव्या खेळीला मात झाली. त्यानंतरच्या फेऱ्यांत तिचे डावात लक्षच लागले नाही. वडील विचारतात: पांढऱ्याने राजाचे प्यादे ई४ ला आणले की ई५ ने उत्तर देणे, ही तिची ओपनिंग म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात, आता सोडून द्यावी का? कॅरो-कान, म्हणजे सी६ ने उत्तर देण्याची ओपनिंग, सुरक्षित आहे असे ऐकले, ते शिकवावे का? शिवाय तिथल्या एका पालकाने त्यांना ऐकवले, की असे अंगावर येणारे डाव मुलींना झेपत नाहीत. त्यात काही तथ्य आहे का? आणि घरी तयारी नेमकी कशी करून घ्यायची?

शेवटच्या दोन प्रश्नांकडे नंतर येतो. आधी डाव पटावर मांडा. मोबाईलवर नको, खऱ्या पटावर मांडा आणि शेजारी मुलीला बसवा. (ए ते एच या पटाच्या उभ्या पट्ट्या, आकडे म्हणजे आडव्या ओळी, × म्हणजे मारणे; प्रत्येक क्रमांकात आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची.)

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई४×डी५ घोडा×डी५ ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह, राजा ई६ ८. घोडा सी३ घोडा सी६-ई७ ९. डी४ ई५×डी४ १०. घोडा×डी५ घोडा×डी५ ११. वजीर ई४ शह, राजा डी६ १२. वजीर×डी५ शह, राजा ई७ १३. उंट जी५ शह, राजा ई८ १४. वजीर एफ७ मात.

पहिल्या तीन खेळ्यांनी जी ओपनिंग होते तिला टू नाइट्स डिफेन्स म्हणतात. सहाव्या खेळीला घोडा देऊन राजाला बाहेर ओढायचा हा हल्ला म्हणजे फ्राइड लिव्हर अटॅक. यूट्यूबवर तो इतक्या वेळा दाखवला जातो, की लहान गटातल्या कोणत्याही स्पर्धेत एखाद्या तरी पटावर तो सापडतोच. त्या मुलाने तो तिथूनच उचलला असेल. पण त्याचे श्रेय त्याला द्या. आठव्या खेळीपर्यंतचे पाठांतर असेल, तेराव्या खेळीचा उंट जी५ मात्र त्याचा स्वतःचा आहे, आणि तो अचूक आहे.

तुम्ही म्हणता, डाव ओपनिंगने घालवला. मला तसे दिसत नाही. या डावात काळ्याच्या तीन खेळ्या चुकल्या आणि तिन्हींचे वजन वेगवेगळे आहे. पाचवी वाईट, पण तेवढ्याने कोणी मरत नाही. नववी फार वाईट. अकरावीने डाव संपला. मी मुद्दाम शेवटून सुरू करतो, कारण घरी डाव बघताना सगळे पाचव्या खेळीवरच अडकतात आणि पुढे बघतच नाहीत.

अकराव्या खेळीचा पट लावा. पांढऱ्या वजिराने ई४ वरून शह दिलाय. डी५ वरचा काळा घोडा आता जाणारच आहे. पण तो गेल्यावर मोहरी मोजा: दोन्हीकडे वजीर, दोन-दोन हत्ती, दोन-दोन उंट, सहा-सहा प्यादी. सगळे बरोबरीत. आपण मोहऱ्याने मागे नाही, हे त्या क्षणी तिच्या लक्षात आले असते तर ती घाबरली नसती. तिने राजा डी६ ला नेला, घोड्याला चिकटून. घोडा वाचवायचा होता. पण वजिराने डी५ चा घोडा शह देत मारला, वजिराच्या मागे सी४ चा उंट उभा, म्हणून राजाला वजीर खाता येईना, आणि पटावर राजाला एकच घर उरले, ई७. तिथे जी५ वरून उंटाचा शह, परत एकच घर, ई८. मग एफ७ वर मात. डी६ ला पाऊल पडल्यावर पुढचे सगळे सक्तीचे होते.

त्याऐवजी राजा एफ६ ला गेला असता तर? पांढऱ्याने डी४ चे प्यादे शह देऊन खाल्ले असते, घोडाही परत मिळवला असता. काळ्याचा राजा उघड्यावर, एक प्यादे कमी. डाव पांढऱ्याकडे झुकलेलाच राहिला असता. पण मात नव्हती. ई-पट्टीत वजिरासमोर वजीर आणून वजिरावजिरी करायची संधी होती, आणि एक प्यादे कमी असलेला शेवट या वयाच्या गटात किती वेळा बरोबरीत सुटतो हे स्पर्धांना जाणाऱ्या पालकांना सांगायला नको. सांगायचा मुद्दा असा, की ज्या ओपनिंगला तुम्ही दोष देताय, तिच्यातून अकराव्या खेळीपर्यंत मुलगी मोहऱ्यांच्या हिशेबात बरोबरीत आली होती.

आता नववी खेळी. पांढऱ्याने डी४ केले आणि तिने ते प्यादे खाल्ले. का खाल्ले असे तिला विचारा. ‘फुकट होते’ असे म्हणेल. पण ई५ चे प्यादे काळ्या राजाच्या पुढ्यात होते, ई-पट्टी त्यानेच बंद ठेवली होती. राजा ई६ वर उभा असताना ते प्यादे बाजूला गेले म्हणजे घराची पुढची भिंत स्वतःच्या हाताने पाडली. दोन खेळ्यांनी त्याच पट्टीतून वजिराचा शह आला. इथे खेळायचे होते सी६. डी५ च्या घोड्यावर पांढऱ्याचे तीन मोहरे रोखलेले आहेत: उंट, वजीर आणि सी३ चा घोडा. त्याला सांभाळणारेही तीन: वजीर, राजा आणि ई७ चा घोडा. सी६ ने चौथा राखणदार येतो आणि ई५ जागेवर राहते.

गंमत म्हणजे हा डाव चारशे वर्षे जुना आहे. जुलिओ चेझारे पोलेरिओ नावाच्या इटालियन खेळाडूच्या नावावर रोममधला एक डाव नोंदलेला आहे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराचा. तुमच्या मुलीच्या डावाच्या पहिल्या साडेआठ खेळ्या जशाच्या तशा त्यात आहेत. घोडा एफ७ वर दिला, राजा ई६ ला आला, घोडा ई७ ला आला, पांढऱ्याने डी४ केले. तिथल्या काळ्याने मात्र सी६ खेळले. तरीही पुढे पांढराच जिंकला, हेही सांगून ठेवतो, नाहीतर सी६ म्हणजे रामबाण असे वाटेल. आजची इंजिनेही, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे संगणकाचे प्रोग्राम, या हल्ल्यात पांढऱ्याची बाजू वरचढच धरतात. काळ्याला तग धरता येतो, पण प्रत्येक खेळीला अचूक राहावे लागते, आणि बारा वर्षांच्या मुलीने अर्ध्या तासात पटावर बसून ते शोधावे ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून शेवटी पाचव्या खेळीकडे यावेच लागते.

चौथ्या खेळीला पांढऱ्याचा घोडा जी५ वर आला. एफ७ च्या प्याद्यावर आता दोन मोहरे रोखलेले, आणि त्याला राखणारा एकटा राजा. घोडा एफ७ वर बसला तर एकाच वेळी वजीर आणि हत्ती धरतो. तिने डी५ केले, उंटाची वाट अडवली. उत्तम. पांढऱ्याने ते प्यादे मारले आणि तिने एफ६ च्या घोड्याने परत मारले. ‘मारले की परत मारायचे’ हे हाताला लागलेले वळण असते. स्कोअरशीटच्या कडेला तिने घड्याळातली वेळ लिहिलेली नाही, त्यामुळे या खेळीला तिने किती वेळ घेतला ते कळत नाही. माझा अंदाज, फारच थोडा.

परत मारण्यात नेमके काय बिघडले? मुलांना हे सांगताना मी खेळी पाठ करून घेत नाही, एफ-पट्टी दाखवतो. घोडा एफ६ वर असता तर एफ७ वर आलेल्या राजाला एफ३ वरच्या वजिराचा शह लागलाच नसता, मध्ये घोडा उभा आहे. तो घोडा डी५ ला गेला, पट्टी मोकळी झाली, आणि वर डी५ ला तो स्वतःच राखण मागू लागला. एका मोहऱ्याने दोन कामे सोडली. शह आल्यावर राजाला ई६ ला जावे लागले ते याच घोड्याला सांभाळायला. राजा जी८ ला परत गेला असता तर उंटाने डी५ चा घोडा शह देऊन मारला असता, वजिराने उंट मारावा तर पांढऱ्या वजिराने वजीर मारून पुन्हा शह, ई६ वर उंट मध्ये घातला तर तोही मारून मात. हे तिला एकदा हाताने करून बघू द्या.

आणि समजा समोरच्याने सहाव्या खेळीला घोडा दिलाच नाही, आधी डी४ खेळला, तरी काळ्याचे हाल तेच. त्याला लोली अटॅक म्हणतात, अठराव्या शतकातल्या इटालियन लोलीच्या नावावरून. बरेच जाणकार तो फ्राइड लिव्हरहूनही कडक मानतात. म्हणजे पाचव्या खेळीला घोड्याने मारणे हा सट्टा दोन्हीकडून तोट्याचा.

मग खेळायचे काय? घोडा ए५. सी६ चा घोडा उचलायचा आणि ए५ ला ठेवायचा, सी४ च्या उंटावर.

क्लासमध्ये मुलांना पहिल्या महिन्यातच शिकवतात, की घोडा पटाच्या कडेला ठेवू नये. त्यामुळे ही खेळी मुलांना सुचत नाही, दाखवली तरी पटत नाही. पण इथे घोडा कडेला राहायला जात नाही, उंटाला हुसकायला जातो. पांढरा बहुतेक वेळा बी५ ला उंट नेऊन शह देतो. मग असे: ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी५×सी६ बी७×सी६ ८. उंट ई२ एच६ ९. घोडा एफ३ ई४ १०. घोडा ई५.

इथे थांबा आणि मुलीला मोजायला लावा. पांढऱ्याच्या दहा खेळ्या झाल्या. त्यातल्या तीन ई-प्याद्याच्या: ई४, मग डी५, मग सी६, आणि तिथे ते प्यादे मेले. चार खेळ्या एकाच घोड्याच्या: एफ३, जी५, पुन्हा एफ३, मग ई५. तीन खेळ्या एकाच उंटाच्या: सी४, बी५, ई२. झाल्या दहा. वजिराच्या बाजूचे एकही मोहरे जागचे हललेले नाही, किल्लेकोट झालेला नाही. काळ्याचे एक प्यादे कमी आहे, पण त्याचे मोहरे बाहेर यायला वाट मोकळी आहे, ई४ चे प्यादे पांढऱ्याच्या छातीवर बसले आहे आणि पुढची खेळी काळ्याची आहे. डी६ ला उंट आणून ई५ च्या घोड्याला विचारायचे, की आता कुठे जातोस.

एक प्यादे देऊन वेळ विकत घेतला, एवढेच या ओपनिंगचे मर्म आहे. ते समजले तर पाठांतर थोडे कमी असले तरी चालते. समजले नाही तर वीस खेळ्या पाठ असूनही एकविसाव्या खेळीला मुलगी ‘माझे एक प्यादे कमी आहे’ म्हणून घाबरून खेळेल, वजिरावजिरी करेल आणि शांतपणे हरेल. तो पराभव चौदा खेळ्यांत मात होण्यापेक्षा वाईट, कारण त्यातून काय चुकले तेही दिसत नाही. एवढ्यासाठी एक सवय लावा: या ओपनिंगमध्ये विसाव्या खेळीपर्यंत काळ्याने आपणहून वजिरावजिरी सुचवायची नाही. नियम थोडा आडमुठा आहे, अपवाद निघतील. या वयात चालतो.

ही भांडणे मोठ्यांनीही केली आहेत. तार्राशसारख्या जर्मन पंडिताने चौथ्या खेळीच्या घोडा जी५ ला अडाण्याची खेळी म्हणून झोडपले होते. उलट पहिला जगज्जेता स्टाइनिट्झ याला ती आवडायची. नवव्या खेळीला घोडा एफ३ ला परत नेण्याऐवजी तो एच३ ला ठेवायचा, पटाच्या अगदी कोपऱ्याजवळ. १८९०-९१ मध्ये तारेने झालेल्या सामन्यात रशियाच्या चिगोरिनने त्याला याच खेळीवर हरवले. मग ती बरीच वर्षे अडगळीत पडली, आणि १९६३ मध्ये, पुढे जगज्जेता झालेल्या अमेरिकेच्या फिशरने न्यूयॉर्क राज्य स्पर्धेत बिसगायरविरुद्ध तीच एच३ काढून डाव जिंकला. स्टाइनिट्झ आणि फिशरच्या हाताखालून गेलेली ओपनिंग विट्याच्या मुलीने एका पराभवावरून टाकून द्यावी, हे मला तरी पटत नाही.

घोडा ए५ सोडून काळ्याकडे दुसऱ्याही वाटा आहेत. बी५ आहे, टपालाने खेळल्या गेलेल्या पाचव्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत बर्लिनरने एस्ट्रिनला काळ्या मोहऱ्यांनी त्याच वाटेने हरवले. डाव फार गाजला, पण टपालाच्या बुद्धिबळात एका खेळीला दिवसचे दिवस मिळतात. घोडा डी४ आहे. आणि चौथ्याच खेळीला डी५ न करता उंट सी५ खेळून एफ७ सरळ देऊन टाकायचे, हेही आहे. त्याला ट्रॅक्सलर म्हणतात, बोहेमियातल्या एका धर्मगुरूच्या नावावरून. मुलांना हा प्रकार भयंकर आवडतो, कारण घोड्याने एफ७ मारले तर काळा उंट एफ२ वर आपटतो आणि पटावर धुळवड होते. पण समोरच्याने घोड्याऐवजी उंटाने एफ७ वर शह देत प्यादे मारले, की धुळवड संपते आणि काळा एक प्यादे कमी, राजा ई७ वर, असा बसतो. ज्याला माहीत आहे तो तसेच करतो. घरात भावंडांशी खेळायला ठेवा, फेरीत नको.

एक व्यवहाराचा मार्गही सांगतो. पुढची स्पर्धा दोन आठवड्यांवर असेल आणि हे सगळे बसायला वेळ नसेल, तर तेवढ्यापुरते तिसऱ्या खेळीला घोडा एफ६ ऐवजी उंट सी५ खेळा. तेव्हा घोडा जी५ ला आला तर काळा वजीर तो सरळ मारतो, मधली वाट मोकळी असते. बाकी डाव तिच्या ओळखीचाच राहतो. चौथ्या खेळीला बी४ करून प्यादे देणारा एखादा भेटू शकतो, तो इव्हान्स गॅम्बिट, त्याचे एक साधे उत्तर दाखवून ठेवा. पण ही डागडुजी आहे. सुट्टी मिळाली की घोडा एफ६ कडे परत या.

आता कॅरो-कान. ओपनिंग चांगली आहे, माझा तिच्याशी काही वाद नाही. पण ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकून ती घेत असाल तर हे बघा: १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३ डी५×ई४ ४. घोडा×ई४ घोडा डी७ ५. वजीर ई२. आता काळ्याने सहजपणे जी८ चा घोडा एफ६ ला काढला, की ६. घोडा डी६ मात. सहा खेळ्या. ई७ चे प्यादे तो घोडा खाऊ शकत नाही, कारण मागे राजा आणि समोर पांढरा वजीर. बाकी सगळी घरे स्वतःच्याच मोहऱ्यांनी भरलेली. म्हणजे तुमची मुलगी ई५ मध्ये चौदाव्या खेळीला हरली, कॅरो-कानमध्ये सहाव्या खेळीला हरायची सोय आहे. प्रत्येक ओपनिंगला असले खड्डे असतात. एका खड्ड्यात पाय गेला म्हणून रस्ता बदलला, तर नव्या रस्त्यावरचे खड्डे पहिल्यापासून मोजत बसावे लागते.

शिवाय बारा वर्षांच्या खेळाडूला ई५ ची माती अंगाला लागावीच असे माझे मत आहे. मोहरे लवकर भिडतात, राजावर हल्ले होतात, प्यादे देऊन वेळ घ्यायचा की नाही हा प्रश्न लवकर समोर येतो. हिशेब करायची सवय तिथेच लागते. चौदा-पंधराव्या वर्षी हवे तर कॅरो-कान घ्या, तेव्हा ते दोन महिन्यांत बसेल.

मुलींना हे डाव झेपत नाहीत, असे म्हणणाऱ्या गृहस्थांना सांगलीत उभे राहून असे बोलवले तरी कसे, याचे मला नवल वाटते. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले, सांगलीत वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या, आणि याच गावची भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, १९९१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या, पद्मश्री मिळवून आल्या. त्यांच्याही आधी वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर बहिणींनी राष्ट्रीय विजेतेपद घरातून बाहेर जाऊ दिले नव्हते. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. यादी वाढवत नाही. तुमच्या मुलीच्या डावात मुलगी असण्याचा संबंध एवढाच, की हरल्यावर कोणी मुलाच्या बापाला असे ऐकवले नसते.

एक वेगळीच गोष्ट इथे आठवते. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचे, आणि राजाला शह लागलेला नसेल तर त्याला एकदा घोड्याची चाल करता यायची. त्या नियमांत चौथ्या खेळीला असा हल्ला उभाच राहत नाही. मोहरी आधी शांतपणे मांडली जायची. जुन्या मंडळींची ‘आधी राजा सांभाळ, मग भांडण’ ही शिकवण त्या खेळातून आलेली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ती तशीच्या तशी लावली, की मुले चौथ्या-पाचव्या खेळीला सावध नसतात, कारण भांडण इतक्या लवकर सुरू होईल हे त्यांच्या गावीच नसते. घरी आजोबा शिकवणारे असतील तर हे त्यांच्याशीही बोला, ते बिचारे चुकीचे सांगत नाहीत.

तयारीचे विचारले आहे. पहिली गोष्ट, स्कोअरशीटवर वेळ लिहायला लावा. प्रत्येक खेळीला नको, चार-पाच खेळ्यांनी एकदा, कडेला, घड्याळात उरलेली मिनिटे. नियमात बसते, स्कोअरशीटवर खेळ्यांबरोबर घड्याळाच्या वेळा लिहायला फिडेची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेची, परवानगी आहे, कोणा पंचाने हटकले तर त्यांना तेवढे नम्रपणे सांगावे. खेळी मात्र आधी पटावर करायची आणि मग लिहायची, ते उलटे झाले तर बोलणी खावी लागतील. वेळा हातात आल्या की मुलगी हरली का विचारातून, की घाईतून, हे घरी बसून कळते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले अवघड खेळीला नव्हे, ‘सोप्या’ खेळीला हरतात: परत मारणे, फुकटचे प्यादे, घोडा वाचवणे. तुमच्या मुलीच्या तिन्ही चुका याच जातीच्या आहेत, परत एकदा बघा.

दुसरे, इंजिन लगेच लावू नका. इंजिन पाचव्या खेळीला लाल खूण दाखवेल, अकराव्या खेळीला आणखी लाल दाखवेल, आणि का ते सांगणार नाही. आधी मुलीने स्वतः पेन्सिलीने तीन जागी खूण करावी, जिथे तिला वाटते की डाव फिरला. मग तुम्ही या उत्तरातल्या जागा दाखवा. मग इंजिन. या क्रमाने एका डावाला एक संध्याकाळ जाते. जाऊ द्या.

तिसरे, दोन्ही बाजूंनी खेळा. तिला पांढरी मोहरी देऊन चौथ्या खेळीला घोडा जी५ तिनेच खेळावा आणि तुम्ही काळ्याकडून ए५ ची वाट धरा. तुम्हाला जेमतेम चाली येतात असे तुम्ही लिहिले आहे, ते उलट बरे. वरच्या दहा खेळ्या कागदावर समोर ठेवून खेळा, त्या झाल्या की जमेल तसे. पांढऱ्याकडून खेळताना तिला कळेल, की प्यादे वर असूनही मोहरी बाहेर काढायला जागा कशी सापडत नाही. आठव्या खेळीला पांढरे लोक हल्ली उंट ई२ ऐवजी डी३ लाही नेतात, म्हणजे जी५ च्या घोड्याला ई४ ची जागा राहते. तेव्हा गोंधळायचे नाही. काळ्याने एफ६ चा घोडा डी५ ला आणायचा, तिथून पुढे एफ४ वर त्याची नजर राहते. आणि आठव्या खेळीला वजीर एफ३ ला आला तर घाईने बी५ चा उंट मारायचा नाही, मागे ए८ चा हत्ती पडतो; आधी हत्ती बी८ ला.

उरलेल्या फेऱ्यांत तिचे लक्ष लागले नाही असे लिहिलेत. तिसऱ्या फेरीनंतर आणि चौथीच्या आधी तिच्याशी त्या डावाबद्दल कोण काय बोलले, ते जरा आठवून बघा. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत पालकांनी मंडपाबाहेर डावाची चिरफाड करू नये. पाणी, केळे, आणि पुढचा पट कितवा आहे एवढेच बोलावे. चिरफाडीला घरी परतल्यावर वेळच वेळ असतो.

पुढच्या स्पर्धेत कोणी पुन्हा घोडा जी५ खेळला, तर तो डाव जिंको किंवा हरो, मला पाठवा. फोटो मात्र वरून सरळ काढा. या वेळी उजवा रकाना अर्धा कापला गेला होता आणि काळ्याच्या शेवटच्या दोन खेळ्या मला पटावर लावून ओळखाव्या लागल्या. सक्तीच्या होत्या म्हणून जमले.